जुन्या कडबा कुट्टीचे पार्ट मिळत नाहीत. दुरुस्त करावी की भंगारात घालावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या काळातली दोन पात्यांची, मोटरवरची कुट्टी कडबा कापायच्या ऐवजी चिरडते, खडखडते, आणि दुकानदार ‘मॉडेल बंद झालं, नवी घ्या’ म्हणतो. मलाही हेच ऐकवलं होतं. पण कुट्टीत मॉडेलचं असं असतं ते बीडाची (ओतीव लोखंडाची) बॉडी आणि पाती बसवलेलं मोठं चाक, एवढंच. बाकी सगळं मापावर मिळतं.

म्हणून आधी बीड तपासा. शंका असेल तिथे डिझेल लावा, कोरडं पुसा आणि वरून खडू फासा. तडा असेल तर थोड्या वेळात खडूवर ओली रेघ उमटते. चाकालाच तडा असेल तर मशीन भंगारात द्या, वेल्डिंगच्या नादी लागू नका. बॉडीचा एखादा कान तुटला असेल तर पितळेने झाळून घेता येतो. साध्या रॉडने वेल्डिंग केलं तर बीड शेजारी पुन्हा तडकतं.

आता चिरडण्याचं. मी आधी नवी पाती आणून बसलो, फरक शून्य. दोष धारेत नव्हता, पातं आणि तोंडाची पट्टी यांच्यातल्या फटीत होता. मोटरची पिन बोर्डातून काढा, बेल्ट उतरवा, पट्टीवर वर्तमानपत्राचा कागद धरून चाक हाताने सावकाश फिरवा. कागद स्वच्छ कापला जाईपर्यंत पातं सरकवायचं. दोन्ही पात्यांचं असंच. आमच्या सोलापूरकडच्या मालदांडीच्या जाड कडब्याला फट जराही चालत नाही. धार लावताना पातं निळं पडलं तर त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं समजा.

खडखड बहुतेक बेअरिंगची असते. त्यावर नंबर असतो, उदाहरणार्थ 6205. शेवटच्या 05 ला 5 ने गुणलं की शाफ्टचं माप, 25 मिमी. नंबर पुसला असेल तर बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. 52 आणि 15 आली की तेच. रबरी सीलचं घ्या, भुसा आत जात नाही. हे कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, त्याला ‘कुट्टीचं’ म्हणून मागायची गरज नाही.

बेल्टचंही तसंच: बी-52 म्हणजे बी सेक्शन (बेल्टच्या रुंदी-जाडीचं माप), लांबी आतून 52 इंच. नवा बेल्टही घसरत असेल तर पुलीची खाच बघा. ती झिजून बेल्ट तळाला टेकत असेल तर कितीही ताणा, घसरणारच.

गिअरचा दात गेला असेल तर जोडी घेऊन लेथवाल्याकडे जा. कोल्हापूर जवळ असेल तर शिवाजी उद्यमनगरात बीडाचं ओतकाम आणि मशिनिंग दोन्ही होतं.

पैसे फक्त एका जागी वाचवू नका: पात्याचे बोल्ट. डोक्यावर 8.8 (मजबुतीचा नंबर) कोरलेलेच घ्या, भंगारातला बोल्ट तिथे नको. आणि पात्याला हात लावण्याआधी चाकात लाकडाचा ठोकळा अडकवा. बेल्ट काढला तरी ते चाक वजनाने आपसूक फिरतं.