शेरा येतो, पण शिकवण्यात फरक काय पडतो?

प्रश्न: मी कोरेगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. साहेब येतात, हजेरी आणि वह्या बघतात, वर्षाअखेर गोपनीय अहवालात शेरा पडतो न् विषय संपतो. यातून आम्ही सुधारायचं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, शेरा पगारवाढीच्या कामाचा, शिकवण्याच्या नाही, आणि या दोन गोष्टी एकत्र केल्या की माणूस अडचण सांगायचीच बंद करतो, हे मला फार लागतं. म्हणून वर्ग बघायला आधी शेजारच्या वर्गाच्या बाईंना बोलवा, आणि त्यांना एकच काम द्या. समजा तिसरीत ४०३ वजा १७८ चाललंय, मधल्या शून्यावर पोरं अडतात, तर त्यांनी फक्त एवढंच लिहायचं की कोण कुठं अडलं, तुम्ही काय विचारलं आणि उत्तर यायच्या आत तुम्हीच सांगून टाकलं का. मार्क नकोत. त्याच दिवशी दहा मिनिटं बोला, पुढच्या आठवड्यात तोच घटक परत बघायला सांगा, हे दुसऱ्यांदा बघणं सोडू नका, खरा फरक तिथंच कळतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, मग तुमच्या नोंदींतून निघालेला विषयच तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडा की. केंद्रप्रमुखांना आधी भेटून सांगा.