‘आय ॲम शॉक्ड’ म्हटलं आणि पाहुण्या बाई मागे सरकल्या

प्रश्न : मी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कामापुरतं. ताडोब्याला जाण्यासाठी दोन वर्षांपूर्वी आलेल्या इंग्लंडच्या एक बाई परवा पुन्हा आल्या. मी आनंदानं म्हणाले, ‘आय ॲम शॉक्ड टू सी यू!’ त्या चक्क एक पाऊल मागे सरकल्या. मॅनेजर म्हणाले, ‘सरप्रायझिंग म्हणायचं असतं.’ दुसऱ्या पाहुण्याला ‘आय ॲम सरप्रायझिंग’ म्हटलं, तर तो हसला. नेमकं म्हणायचं काय?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला आगीतून फुफाट्यात टाकलं की हो!

मे महिन्यात ओल्या हातानं कुलरला शिवलं की काय बसतो? शॉक. इंग्रजीतलं ‘शॉक्ड’ बहुतेक वेळा त्याच जातीचं, अंगावर आलेलं, नकोसं. बाईंना वाटलं असेल, आपण आलो ते हिला खपलेलं दिसत नाही.

आता ‘सरप्रायझिंग’. मराठीत आश्चर्य ‘मला वाटतं’, म्हणजे ते कुठून तरी येतं आणि आपण झेलतो. इंग्रजी वाक्य ‘आय’नं सुरू झालं की मात्र करणारे आपणच, असा आपला समज होतो. ‘सरप्राइज्ड’ म्हणजे मला कुणीतरी आश्चर्यात टाकलं. या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधलं ‘अवचित गाठणं’ आहे, तेव्हा गाठली गेलात ती तुम्ही. ‘सरप्रायझिंग’ म्हणजे गाठणारं. तुमच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘मी मोठी अजब बाई आहे.’ तो हसला त्यात त्याचा दोष नाही.

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी हे शब्द फळ्यावर उतरंडीसारखे मांडायची, सगळ्यात खाली सरप्राइज्ड, त्यावर अमेझ्ड, त्यावर अस्टॉनिश्ड. मुली पाठ करायच्या, पेपर झाला की विसरायच्या. एकदा वाऱ्यानं खिडकीचं दार धाडकन आपटलं आणि पहिल्या बाकावरची मुलगी अशी दचकली की तिची कंपासपेटी खाली सांडली. मी म्हटलं, ‘शी इज स्टार्टल्ड!’ तो शब्द त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही. तेव्हापासून मी आधी विचारते, अंगाचं काय झालं? दचकलं, तर स्टार्टल्ड. डोकं चक्रावून थक्क झालात, तर अमेझ्ड. त्याच्या पोटात ‘मेझ’, म्हणजे भूलभुलैया आहे. पहिल्यांदा मारबतीची मिरवणूक पाहणाऱ्या पाहुण्याचं होतं ना, तसं. जागच्या जागी थिजलात, तर स्टन्ड. अस्टॉनिश्ड, अस्टाउंडेड आणि स्टन्ड या सख्ख्या बहिणी, तिघींच्या मागे लॅटिनमधलं मेघाचं गडगडणं. आपलं अचंब्याचं ‘बाप्पा!’ मी इथंच बसवते.

यातल्या ‘अस्टॉनिश्ड’मध्ये ‘अगदी’ आधीच भरलेलं असतं. म्हणून ‘व्हेरी सरप्राइज्ड’ चालतं, पण ‘व्हेरी अस्टॉनिश्ड’ कानाला खटकतं. तिथं ‘ॲब्सोल्यूटली’ लावा.

आणि हो, तुमच्या बाईंचं जे झालं त्यालाही शब्द आहे : ‘टेकन अबॅक’. हा दर्यावरचा. वारा उलटून समोरून शिडांवर आदळला की जहाज जागीच अडखळायचं. आपल्याकडे समुद्र नाही, पण एक पाऊल मागे सरकलेली बाई तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, तेवढं पुरे.

पुढच्या वेळी नुसतं ‘व्हॉट अ लव्हली सरप्राइज!’ म्हणा. त्यात ना ‘एड’ची भानगड, ना ‘आयएनजी’ची.

प्रश्न : मॅडम, निबंधात ‘फ्लॅबरगास्टेड’ लिहिलं तर मार्क वाढतात का?
– इयत्ता नववी, सक्करदरा

उत्तर : मार्क माझ्या हातात नाहीत, बाळा. ‘फ्लॅबरगास्टेड’ म्हणजे आश्चर्यानं पार अवाक्. 1772 साली या शब्दाची नोंद झाली तीसुद्धा नव्या फॅशनचा शब्द म्हणून, तेव्हा मिरवायचा मोह जुनाच आहे. वापर, पण एकदाच, आणि तोही एखाद्या गमत्या काकांच्या तोंडी. स्पेलिंगमध्ये ‘बी’ दोन आहेत. ‘अघास्ट’ (भयचकित) मधला ‘एच’ मात्र इथं घुसवू नकोस.