बॅटरी: तोफांची, गाडीची आणि आजोबांची

खानापूरची माझी भाची स्पॅनिश शिकते आहे. 'किल्ल्यावर बॅटरीने मारा सुरू केला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिला भाषांतराला होतं. बॅटरीला तिने 'पिला' हा शब्द घातला, तो चुकीचा निघाला. "मामा, शब्दकोशात पिला पण दिलाय की!" ही तिची तक्रार.

दिलाय, पण तो तोफांसाठी नाही. तिथे 'बातेरीआ'च हवं. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले, आणि त्यांच्या मुळाशी आहे मारणं, ठोकणं. तटावर मारा करायला एका रांगेत मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. इंग्रजांच्या जनरल मन्रोने 1818 साली बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तटासमोर उभ्या केल्या त्या अशाच. जुन्या मराठीत या मांडणीला 'मोर्चा' म्हणत. आज मोर्चा कचेरीवर जातो, आणि तोफांच्या वेळची मोर्चेबांधणी निवडणुकीपुरती उरली आहे. पुढे बॅटरी हे तुकडीचंही नाव झालं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने 'कंपनी' आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पायदळात जशी कंपनी, तशी तोफखान्यात बॅटरी. सबंध तोफखान्याला मात्र स्पॅनिशमध्ये 'आर्तियेरीआ'.

मग यात वीज कुठून आली? बेंजामिन फ्रँकलिनने 1749 च्या एका पत्रात शिशाचे पातळ पत्रे लावलेल्या 11 काचांच्या जोडणीला 'विजेची बॅटरी' म्हटलं. तोफांसारखंच, अनेकांनी मिळून एकदम काम करायचं. स्पॅनिशने ही रांगेची, संचाची कल्पना फार छान जपली आहे. स्वयंपाकाच्या भांड्यांचा संच 'बातेरीआ दे कोसीना', वादकाचा ड्रमसेट बातेरीआ, आणि स्पेनमध्ये गाड्या शेजारी शेजारी लावणं म्हणजे 'एन बातेरीआ' लावणं. इंग्रजी कायद्यातल्या मारहाणीच्या बॅटरीला मात्र हा शब्द चालत नाही.

'पिला' म्हणजे ढीग, चळत. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने 1800 साली दोन धातूंच्या चकत्या, मध्ये ओला कागद किंवा कापड घालून, एकावर एक रचल्या. त्या चळतीचं नाव स्पॅनिशमध्ये सुट्या सेलला चिकटलं.

हे भाचीला समजलं ते आजोबांच्या बॅटरीवरून. रात्री उसाला पाणी पाजायला जाताना आजोबा तीन सेलची, लांब दांड्याची स्टीलची बॅटरी घेऊन जात. उजेड मंदावला की मागचं झाकण फिरवून सेल काढायचे आणि दुसऱ्या दिवशी कौलांवर उन्हात ठेवायचे. "बॅटरी मार की रे इकडं" ही हाक अजून शिवारात ऐकू येते. सेल एकेकटा, आणि ते ज्यात भरले ती बॅटरी, एवढा भेद आपण न शिकवता पाळतो. तिला तोच धरायला सांगितलं: जिथे तू सेल म्हणशील तिथे पिला, ट्रॅक्टरच्या, मोबाइलच्या बॅटरीला आणि तोफांना बातेरीआ.

आजोबांच्या हातातल्या बॅटरीला यातलं काहीच चालणार नाही. ती 'लिंतेर्ना', म्हणजे कंदिलाच्या घराण्यातली.