लाइक नऊशे, ऑर्डर चार

साताऱ्यात घरातूनच जिमचे आणि चालायला जायचे कपडे विकणाऱ्या एक ताई सल्ल्यासाठी आल्या. बचत गटाच्या कर्जातून माल भरलेला. इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट करण्यात, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवण्यात, ६,००० रुपये गेले, लाइक नऊशेच्या वर आले आणि ऑर्डर मिळाल्या चार. 'साताऱ्यात हे चालायचं नाही,' असं घरात बोललं जाऊ लागलं होतं आणि त्यांनाही ते पटायला लागलं होतं. 'एवढ्याशा बजेटमध्ये जाहिरात करण्यात अर्थ आहे का?' हा त्यांचा प्रश्न. लहान धंदा करणारे कितीतरी जण हाच प्रश्न घेऊन येतात. ओळख कळणार नाही एवढी काळजी घेऊन ही केस मांडतो आहोत.

आधी जाहिरात बाजूला ठेवली आणि एका लेगिंगचा हिशेब कागदावर मांडला. विक्री ७४९ रुपये. माल ३९०, पिशवी आणि पोहोचवणं ६५, साइज बदलून देण्यापोटी सरासरी ३५. उरले २५९. त्यातले १५० हप्त्यासाठी आणि त्यांच्या मेहनतीसाठी बाजूला ठेवले, तर एका ऑर्डरमागे जाहिरातीला फार तर शंभर रुपये परवडतात. त्यांचा खर्च पडला होता ऑर्डरमागे १,५००. हा शंभरचा आकडा हातात नसेल तर जाहिरात स्वस्त पडली की महाग, हे कळायला काहीच मार्ग राहत नाही.

मग जुन्या पोस्ट उघडल्या. बूस्ट अख्ख्या महाराष्ट्रावर, वय १८ ते ६५. फोटो सप्लायरने पाठवलेला, क्रॉप टॉप घातलेल्या मॉडेलचा. खाली लिहिलेलं, 'किमतीसाठी मेसेज करा.' पोस्टला लाइक मिळावेत हेच उद्दिष्ट निवडलेलं, त्यामुळे ती सहज लाइक करणाऱ्यांनाच दिसत राहिली. किंमत नाही, साइज नाही, गाव कुठलं तेही नाही. ताईंचा माल मात्र चांगला होता. कापड दोनशे तीस जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), चारही बाजूंनी ताणलं जाणारं, बाजूला मोबाइलचा खिसा. यातलं एक अक्षरही जाहिरातीत नव्हतं.

सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला किंवा यवतेश्वरच्या घाटात चालायला येणाऱ्या बायका नीट पाहा. ड्रेसवर बूट घालून चालणाऱ्या बऱ्याच दिसतील. त्यांना लेगिंग नको असते असं नाही. त्यांना हवा असतो मांडीपर्यंत येणारा टी-शर्ट, मोबाइल आणि किल्ली राहील असा खिसा, आणि वाकल्यावर कापड विरळ दिसणार नाही याची खात्री. ताईंकडे लांब टी-शर्ट होते, पण ते 'साधे' वाटतात म्हणून त्यांचा फोटोच टाकलेला नव्हता! आमच्या मते सगळ्या केसमधली सर्वात महागडी चूक हीच. विकणाऱ्याला साधी वाटणारी वस्तूच कित्येकदा गिऱ्हाईक शोधत असतं.

पैसे घालण्याआधी फुकटातली कामं उरकली. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग भरला, प्रत्येक वस्तूला किंमत आणि इंचात मापं: कंबर, सीट, लांबी. नुसतं एल, एक्सएल लिहून भागत नाही, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा निघतो. फोटो सकाळच्या उन्हात, मैत्रिणींना घालायला लावून आणि त्यांची परवानगी घेऊन. समोरून एक, मागून एक, खिशात मोबाइल ठेवलेला एक. शिवाय वीस सेकंदांचा एक व्हिडिओ, ज्यात पहिल्या तीन सेकंदांतच पूर्ण खाली बसून दाखवलं आहे. हा व्हिडिओ फिक्या रंगावर करायचा. काळ्या रंगात विरळ कापडही लपतं आणि माल घरी गेल्यावर तक्रार येते.

त्यानंतर ट्रायलची पिशवी. जाहिरातीपेक्षा या पिशवीवर आमचा जास्त भरवसा आहे. लेगिंग आणि लांब टी-शर्ट, दोन्ही एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल अशा चार मापांत. एकूण आठ नग. झुंबा किंवा योगाचा वर्ग घेणाऱ्या मॅडमकडे पिशवी आठवडाभर ठेवायची. वर्ग संपला की बायका तिथेच घालून बघतात आणि साइजची धास्ती जागेवरच मिटते. विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे मॅडमना ५० रुपये, म्हणजे आपल्या शंभरच्या निम्मेच. दोन गोष्टी सांभाळायच्या: पिशवीत किती नग दिले ते दोघींच्या सहीने लिहून ठेवायचं आणि ट्रायलचे नग विकायचे नाहीत, त्याच मापाचा नवा नग द्यायचा.

मगच पैशाची जाहिरात लावली. पाच दिवसांचं एकूण बजेट १,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. उद्दिष्ट व्हॉट्सॲपवर मेसेज. भाग सातारा शहर आणि भोवतालचा परिसर, फक्त महिला, वय २८ ते ५५. जाहिराती दोनच: खाली बसण्याचा व्हिडिओ आणि लांब टी-शर्टचा फोटो, दोन्हींवर किंमत ठळक. एकूण बजेटचा पर्याय घेतला की ठरावीक तासांतच जाहिरात दाखवता येते. ताई दुपारी चार ते रात्री दहा मोकळ्या असतात, म्हणून तेवढाच वेळ ठेवला. रात्री दोनला आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तर गिऱ्हाईक थंड झालेलं असतं. चालू जाहिरातीत रोज हात घालायचा नाही, मोठा बदल केला की फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात यंत्रणा योग्य माणसं शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मजकुराचंही भान हवं. 'पोट सुटलंय का?' असं विचारणारी किंवा आधीचं आणि नंतरचं शरीर दाखवणारी जाहिरात नियमात बसत नाही, नाकारली जाते. आणि नियम नसता तरी बाईला तिच्या शरीराची लाज वाटायला लावून कपडे विकू नयेत, असं आम्ही ठामपणे सांगतो.

पाच दिवसांत मेसेज आले ३१, ऑर्डर ९. ऑर्डरमागे १३१ रुपये. ताई पुन्हा खचल्या. पण उरलेल्या २२ जणींशी झालेलं बोलणं वाचलं, तर बहुतेक जणी एकाच जागी अडलेल्या: 'मला कुठला साइज बसेल?' ताईंनी उत्तरात तक्ता पाठवला होता आणि तिथेच बोलणं संपलं होतं. मग प्रत्येकीला विचारलं, 'तुमच्या नेहमीच्या सलवारीची कंबर आणि सीट मोजून सांगाल का? मी साइज सांगते, नाही बसला तर बदलून देते.' आणखी चार ऑर्डर आल्या. १,१८० भागिले १३, म्हणजे ९१ रुपये. मर्यादेच्या आत.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं?' हे विचारून वहीत लिहायचं ठरलं आहे. माल देताना नंबर सेव्ह करायला सांगायचं, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, मेसेज पोहोचतच नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यांत पळणाऱ्यांसाठी जाहिरात करायचा विचार आहे. पण तेव्हा टी-शर्टवर भर नको, स्पर्धेचा टी-शर्ट किटमध्ये मिळतोच. लेगिंग, शॉर्ट, टोपी यांवर भर द्यायचा. स्पर्धेचं नाव किंवा चिन्ह कपड्यावर विनापरवाना छापायचं नाही.

एक काम मात्र रोज दुपारी, चार वाजता जाहिरात सुरू होण्याआधीच: मापांप्रमाणे नग मोजायचे. पहिल्या पाच दिवसांतच डबल एक्सएल संपला होता आणि जाहिरात चालूच राहिली. ज्या मापाला सर्वात जास्त मागणी तेच संपलं असेल, तर नवा माल येईपर्यंत जाहिरात त्याच दिवशी थांबवायची.