दाब मर्यादेत, पाणीही साधंच. मग जमिनीतल्या पाइपला भेगा का?

तुम्ही लिहिलंय की दाब एकदाही मर्यादेबाहेर गेला नाही, भूजलाचा सामू जेमतेम 6.5, तरी उकरून पाहिल्यावर पाइपवर बारीक भेगांचं जाळं सापडलं. मग पोलादच खराब होतं का? मला तसं वाटत नाही.

'साधं' पाणी इथे फसवतं. 1965 साली लुइझियानातल्या नॅचिटोशजवळ गॅसवाहिनी भेगा पडून फुटली आणि 17 जण गेले. त्या प्रकारच्या भेगा सामू 9 च्या वरच्या, कार्बोनेट-बायकार्बोनेट दाटलेल्या द्रावात पडतात आणि पोलादाच्या कणांच्या सीमेवरून सरकतात. सौम्य पाण्यातल्या भेगा लक्षात आल्या त्या 1980 च्या दशकात, कॅनडात. या भेगा कणांना आरपार छेदत जातात.

पाइपवर प्लास्टिकची टेप आहे का, ते आधी पाहा. टेप सुटली की तिच्याखाली पाणी साचतं, मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि टेप विद्युतरोधक असल्याने कॅथोडिक संरक्षणाचा, म्हणजे गंज रोखायला पाइपला दिलेला विद्युतप्रवाह तिथवर पोचत नाही. वर जमिनीवर मीटर खुशाल उणे 850 मिलिव्होल्ट, म्हणजे संरक्षण पुरेसं असल्याचा आकडा, दाखवत असतो! खाली मात्र पोलाद सावकाश गंजतं, त्यातून सुटलेला थोडा हायड्रोजन धातूत शिरतो आणि जिथे ताण सर्वात जास्त, त्या भेगेच्या टोकाशी गोळा होतो.

तरीही एवढ्याने भेग धावत नाही. मी प्रयोगशाळेत असे नमुने ताणून ठेवायचो. भार स्थिर असला की टोक गंजून बोथट व्हायचं आणि भेग झोपी जायची. प्रत्यक्षातही बहुतेक भेगा मिलिमीटरभर खोलीच्या आसपास थांबतात. जागं करतो तो दाबाचा चढउतार. त्यातही आवर्तन सावकाश असेल तर दर आवर्तनामागे भेग जास्त वाढते, कारण हायड्रोजनला टोकापर्यंत पोचायला सवड मिळते. अधूनमधून दाब बराच खाली येऊन परत चढत असेल, तर मधल्या एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या हेलकाव्यांनीही ती पुढे सरकते.

म्हणून दाबाच्या नोंदींत कमाल आकडा शोधू नका, घसरणी मोजा. कंप्रेसर किंवा पंपाच्या लगेच पुढचा भाग आधी तपासा. आणि नेहमीच्या चुंबकीय पिगवर (पाइपच्या आतून फिरून तपासणी करणाऱ्या साधनावर) विसंबू नका: या भेगा बहुधा पाइपच्या लांबीच्या दिशेने जातात, पिगचं चुंबकीय क्षेत्रही त्याच दिशेचं, त्यामुळे अरुंद भेग त्याला दिसतच नाही. भेगा शोधणारं अल्ट्रासॉनिक साधन लागेल, नाहीतर पाणी भरून दाबचाचणी.