बँड म्हणजे काम नव्हे

तुझा मेल वाचला. औषध दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटमध्ये एकेटीवरचं (पेशीला वाढायला सांगणारं एन्झाइम) फॉस्फेट वाढलं, म्हणजे प्रयोग फसला असं ठरवून तू ठाण्याची लोकल पकडून मोकळी झालीस. फसलेला नाही. तू भलताच बँड, म्हणजे ब्लॉटवरचा प्रथिनाचा पट्टा, बघतेयस.

तुझं औषध, कॅपिव्हासर्टिब, एकेटीच्या एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणारा रेणू) खाचेत बसतं. मग एकेटीच्या सेरीन ४७३ आणि थ्रिओनीन ३०८ या जागांवरचं फॉस्फेट काढायला फॉस्फटेजला शिरकावच मिळत नाही. फॉस्फेट साचत जातं, एन्झाइम मात्र ठप्प. पंख्याचं बटण चालू, पण लाइट गेलेली. बँड म्हणजे काम नव्हे! काम बघायचंय ना, मग एकेटी ज्यांना फॉस्फेट लावतं त्या प्रथिनांना विचार: प्रास-४० चं थ्रिओनीन २४६, जीएसके-३ बीटाचं सेरीन ९. त्यांच्यावरचे फॉस्फेटचे बँड उतरले असतील तर औषध लागू पडलंय.

आणि टोटल एकेटी, म्हणजे फॉस्फेट असो-नसो सगळं एकेटी, कुठाय? 'ॲक्टिन लावलंय' हे उत्तर मला चालत नाही. ॲक्टिनवरून लोडिंग (लेनमध्ये एकूण प्रथिन किती घातलं) कळतं, एकेटी किती होतं ते नाही. फॉस्फो आणि टोटल एकेटी दोन्ही ६० किलोडाल्टनलाच येतात, म्हणून आधी फॉस्फो, मग स्ट्रिप करून (आधीची अँटिबॉडी धुऊन) टोटल. नाहीतर त्याच लायसेटचे (फोडलेल्या पेशींचा अर्क) दोन जेल. वेळ जातो म्हणतेस? जाऊ दे. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून तुझ्यावर चिडते.

कंट्रोलची लेन इतकी काळी का, तेही सांगते. सीरम काढलंस, पण एमसीएफ-७ च्या (तुझ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) मीडियममध्ये इन्सुलिन घालतात, ते काढलंस का? उपाशी ठेवायचं तर १६ तास दोन्ही बंद. तरी बँड शून्यावर येईलच असं नाही. या पेशींच्या पीआयके३सीए जनुकातच ई५४५के हे म्युटेशन आहे, ते एकेटीला वरून चालूच ठेवतं.

ब्लॉकिंगला दूध विसर. त्यात केसीन, म्हणजे फॉस्फेट लागलेलंच प्रथिन. फॉस्फो अँटिबॉडीला ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). फॉस्फटेज रोखणारं व्हॅनाडेट पीएच १० ला उकळून रंग जाईपर्यंत तयार केलेलं हवं, पिवळं असेल तर फेकून दे. प्लेट बर्फावर ठेवूनच लायसिस कर, हातात धरून गप्पा मारत नाही.

या वेळी लेन चार: उपाशी, उपाशी अधिक डीएमएसओ (औषधाचं नुसतं द्रावक), इन्सुलिन १०० नॅनोमोलर १० मिनिटं, आणि औषध देऊन मग इन्सुलिन. प्रत्येकीत ३० मायक्रोग्रॅम. जेल लावण्याआधी अँटिबॉडींची यादी मला पाठव, प्रास-४० नसेल तर परत पाठवीन.