हापूस बॅगेत भरण्याआधी

एप्रिल लागला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लेबल, पॅकिंग, परवाने यांबद्दल विचारणारे वाचक या दिवसांत विचारतात, 'परदेशातल्या सहकाऱ्यांना काय नेऊ?' कोकणातली कितीतरी मुलं आता गावच्या घरात बसून परदेशी कंपन्यांची कामं करतात. वर्षानुवर्षं पडद्यावर पाहिलेला माणूस पहिल्यांदा समोर येणार, तेव्हा रिकाम्या हाताने जाणं आपल्याला बरं वाटत नाही. काजू-कोकमाच्या निर्यातीत माझी वीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून यंदाच्या काही पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मी कुडाळची. तीन वर्षं बर्लिनमधल्या कंपनीसाठी घरून काम करते. मे महिन्यात टीममधल्या सहा जणांना प्रथमच भेटणार आहे. बाबा म्हणतात, आपल्या बागेतले दोन डझन हापूस घेऊन जा. ताई, नेता येतील का?

नाही नेता येणार. बाबांना वाईट वाटेल, पण त्यांना आत्ताच सांगा. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ताजी फळं न्यायची असतील तर ती कीड-रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती फक्त पाच फळांना : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आंबा त्यात नाही. दुधाच्या पदार्थांनाही मनाई आहे. युरोपातल्या एका विमानतळावर माझ्या बॅगेतला पेढ्यांचा डबा माझ्यादेखत कचरापेटीत गेला होता. अधिकारी नियमानेच वागला, पण आईने पहाटे उठून वळलेले पेढे होते ते. म्हणून इतक्या पोटतिडकीने सांगते आहे.

बागेतला आंबा मात्र तुम्हाला नक्की नेता येईल, आंबापोळीच्या रूपात. यंदाच्या पहिल्या तोडीतले आंबे त्यासाठी बाजूला काढा. ताटात रसाचा पातळ थर ओतायचा, उन्हात सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. कडा ताटापासून आपणहून सुटायला लागल्या, नखाने उचलली की पोळी न फाटता वर येऊ लागली आणि उजेडात धरली की मधासारखी दिसली, की झाली. हे सगळं घरी करा, पण पाकीटबंद करायला गावातल्या परवाना असलेल्या उद्योगाकडे द्या. घटक, वजन आणि तारीख इंग्रजीत छापलेली असली की तपासणीत अडचण येत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लेबल नसलेला घरगुती पदार्थ पाहिला की कुठलाही अधिकारी थांबवतोच.

सहाही जणांना सारखंच पाकीट द्या. सोबत बाबा झाडाखाली उभे आहेत असा एक फोटो ठेवा. काजू न्यायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी तिकडे बरीच आढळते आणि ती जिवावरही बेतू शकते.

प्रश्न : रत्नागिरीतल्या आमच्या कारखान्यात जपानहून तीन सहकारी आठवडाभरासाठी येत आहेत. त्यांना देण्या-घेण्याच्या रिती फार जपाव्या लागतात म्हणे. काय द्यावं?

रिती थोड्याच आहेत आणि सोप्या आहेत. वस्तू नीट कागदात गुंडाळलेली असावी, दोन्ही हातांनी द्यावी. त्यांनी ती तुमच्यासमोर उघडली नाही तर आवडली नाही असं समजू नका, ती तिकडची पद्धत आहे. चार किंवा नऊ नगांचा संच टाळा. जपानीत चारचा एक उच्चार 'मृत्यू'सारखा आणि नऊचा 'यातना'सारखा आहे.

प्रवासाहून परतताना ऑफिसातल्या सगळ्यांसाठी खाऊ नेण्याचा त्यांच्याकडे पक्का रिवाज आहे, त्याला ते 'ओमियागे' म्हणतात. तेव्हा प्रत्येकाला एक मोठा डबा देण्यापेक्षा, एकेक वडी स्वतंत्र वेष्टनात असलेलं आंबावड्यांचं एक खोकं द्या. ते त्यांना परतल्यावर वाटायला होईल.

आणखी एक करा. एका दुपारी त्यांना घरी जेवायला बोलवा आणि बांगड्याचं तिखलं तिरफळं घालून करा. तिरफळाने जिभेला येणारी ती झिणझिणी त्यांना परकी वाटणार नाही. जपानी स्वयंपाकातलं 'सान्शो' हे तिरफळाचं सख्खं भावंड, दोन्ही एकाच वंशातली. थोडी सुकी तिरफळं बशीत काढून त्यांच्यासमोर ठेवा, वास घेऊ द्या. इतक्या लांबून आलेल्या माणसाला आपल्या घरची चव इथे सापडावी, याहून मोठी भेट मला तरी सुचत नाही.

प्रश्न : चिपळूणहून लिहितोय. पुढच्या महिन्यात अमेरिकेत माझ्या वरिष्ठांना भेटणार आहे. त्यांनी मला खूप सांभाळून घेतलं. चांदीची गणपतीची मूर्ती, साधारण पंधरा हजारांची, द्यावी असं मनात आहे.

तुमची कृतज्ञता समजते, पण ही भेट त्यांना अवघडून टाकेल. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाहेरच्या माणसाकडून साधारणपणे एका वेळी २० डॉलर आणि वर्षभरात ५० डॉलर यांच्या आतलीच भेट घेता येते. खासगी कंपन्याही आपापली मर्यादा ठरवतात. हाताखालच्या माणसाने साहेबांना महागडी वस्तू देणं तर तिकडे खटकतंच. आधी कंपनीचा नियम वाचा. मूर्तीबद्दलही विचार करा. आपल्यासाठी ती देवाची, त्यांच्यासाठी शोभेची. उद्या ती जमिनीलगतच्या फळीवर दिसली तर तुम्हालाच लागेल.

त्यापेक्षा वाट वाकडी करून सावंतवाडीला जा. चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, खेळणी मिळतात. गंजिफाही बघा. हाताने रंगवलेले ते गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पत्ते असतात : दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. पूर्वी जुन्या कापडाला चिंचोक्याची खळ लावून हे पत्ते घडवत. पूर्ण संच महाग पडतो, पण त्याच चित्रांच्या लहान डब्या आणि कोस्टर परवडणारे असतात. परशुरामाचं चित्र असलेलं काही मिळालं तर तेच घ्या. चिपळूणचा माणूस परशुरामाबद्दल, त्याने समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीबद्दल बोलायला लागला की अर्धा तास सहज जाईल. सोबत दोन ओळी हाताने लिहा. त्यांनी नेमकं कधी, कोणत्या कामात सांभाळून घेतलं ते लिहा. पंधरा हजारांच्या चांदीपेक्षा त्या ओळी जास्त दिवस जपल्या जातील.

लाकडी वस्तू ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्यांनी मात्र उतरताना अर्जात तसं नमूद करायचं आहे, विसरू नये.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या शंख-शिंपल्यांच्या आणि पोवळ्याच्या वस्तू चालतील का?

नको. प्रवाळ आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आंतरराष्ट्रीय बंधनं वेगळीच. कोणता चालतो, कोणता नाही हे दुकानात उभ्या उभ्या आपल्याला ओळखता येत नाही. पाहुण्याला विमानतळावर चौकशीत अडकवायचं नसेल तर हा नाद सोडा.

प्रश्न : अलिबागहून परवा पहाटे मलेशियाला निघतोय, काहीच घेतलेलं नाही!

बाजारातून आमसुलांची सीलबंद पाकिटं घ्या. कोकम आणि मँगोस्टीन एकाच वंशातली झाडं, आणि मँगोस्टीन तिकडे घराघरांत खातात. तेवढं सांगितलंत तरी गप्पा सुरू होतील. आगळ किंवा सरबताची बाटली घेतलीत तर मोठ्या बॅगेत टाका, केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेऊ देत नाहीत. आणि सुकं खोबरं बॅगेत ठेवू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं.

प्रश्न : आम्ही दापोलीजवळच्या गावात राहतो. मुलाचा ब्राझीलचा सहकारी मार्चमध्ये भारतात आला की दोन दिवस आमच्याकडे राहणार आहे. आमचं घर साधं, कौलारू. त्याला शोभेल असं काय द्यावं, या विचाराने मी आत्तापासून कासावीस आहे.

वहिनी, काळजी सोडा. तुमच्या परसात काजूचं झाड असेलच. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि 'काजू' हे नावही त्यांच्याच भाषेतून, त्याआधी तिथल्या आदिवासींच्या बोलीतून आलं.

तो आला की आधी गूळ-पाणी द्या, आपल्या रितीप्रमाणे. मग त्याला परसात न्या. मार्चमध्ये बोंडू पिकलेले असतील. एक पिवळा, एक लाल त्याच्या हाताने तोडू द्या. चिरून, मीठ लावून समोर ठेवा. त्याच्या देशात बोंडूचा रस आवडीने पितात, तेव्हा त्याला तुम्ही काही समजावून सांगायची गरज नाही. 'काजू' एवढंच म्हणा, शब्द त्याच्या ओळखीचा आहे. निघताना सालीसकट भाजलेल्या काजूची पाव किलोची सीलबंद पिशवी हातावर ठेवा.